एकाच बाजूला उघडणारं दार

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जिथून सुटतो आणि लोखंड बाजारात ट्रेलरांच्या रांगा लागतात, त्या कळंबोलीत उभं राहून कुणाला समुद्र आठवत नाही. तो आठवतो पावसाळ्यात. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की आभाळाबरोबर घड्याळाकडेही पाहावं लागतं : ओहोटी कधी लागणार?

कळंबोली ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याचा वारसा म्हटलं की डोळ्यांपुढे किल्ले येतात. जिल्ह्याचं जुनं नाव कुलाबा, ते किल्ल्याचं. १९८१ मध्ये मिळालेलं रायगड हे नावही किल्ल्याचंच. पण इथल्या आगरी शेतकऱ्याचं पोट ज्या बांधकामावर चाललं, ते दगडी तटबंदीचं नव्हे. ते चिखलमातीचं आहे : खारबांध आणि त्यातली उघाडी.

खाडीकाठच्या सखल जमिनीवर, म्हणजे खाजणावर, भरतीचं पाणी चढू नये म्हणून मातीचा बांध घालायचा. पण मग आत साचलेलं पावसाचं पाणी जाणार कुठून? त्यासाठी बांधात उघाडी ठेवायची. तिची झडप खाडीच्या बाजूनं बसवलेली असते. भरती आली की खाडीचं पाणीच ती दाबून घट्ट मिटतं. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. माणसानं ना उघडायची, ना लावायची. पावसानं मातीतला खार धुऊन नेला की मोड आणलेलं भाताचं बी चिखलात फोकायचं. राता, मुंडा या जातींनी हा खारटपणा पिढ्यान्‌पिढ्या सोसला.

बांध मात्र एकट्यादुकट्याचा नसतो. खेकड्यानं पोखरलेल्या एका बिळातून भगदाड पडलं, तर साऱ्या गावाच्या शेतात खारं पाणी शिरतं आणि पुढची काही वर्षं पीक नीट येत नाही. म्हणून पूर्वी शिलोत्री पद्धत होती : खार बांधून काढणारा शिलोत्रदार बांधाची देखभाल करी आणि त्यापोटी कुळांकडून भात घेई. ज्यांनी माती वाहिली, त्यांच्या हाती जमीन क्वचितच राहिली. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध पुकारलेला आणि काही वर्षं चाललेला संप याच खारेपाटातला, म्हणजे खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातला. पुढे १९४८ चा खारजमीन कायदा आला आणि बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं ‘पनवेल-१’सारख्या खार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या.

तोवर या पट्ट्यात शहर आलं होतं. ते वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली होती. पनवेल, उरण आणि ठाणे परिसरातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली.

शेतं गेली, पण खाडी गेली नाही. कळंबोली वसवताना नियोजनकारांपुढे तोच जुना प्रश्न उभा राहिला : भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवरून पाणी काढायचं कसं? उत्तरही जुनंच निघालं. शहरासाठी धारण तलाव खोदले आणि त्यांना खाडीच्या बाजूनं झडपांची दारं बसवली. भरतीला ती मिटतात, पाऊस तलावात थांबतो. ओहोटीला ती उघडतात. म्हणजे उघाडीच, फक्त लाकडाच्या जागी सिमेंट-लोखंड.

फरक पडला तो राखणीत. बांधावरून रोज फिरणाऱ्याला पहिलं बीळ दिसायचं. धारण तलावात गाळ किती साचला, झडपेत काय अडकलं, हे इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून कळत नाही. २६ जुलै २००५ ला कळंबोली पाण्याखाली गेली, तेव्हा आपण खाजणावर राहतो हे अनेकांना पहिल्यांदा उमगलं.

किल्ल्याची डागडुजी वर्षभर लांबली, तरी किल्ला उभा राहतो. उघाडीला मात्र पुढच्या भरतीपर्यंतचीच मुदत असते, आणि भरती दिवसातून दोनदा येते.