कायद्याने दार उघडले, पुस्तक मात्र बंदच!

कुरुंदवाडच्या अंध विद्यार्थ्याला शाळा-कॉलेजात प्रवेश मिळेल. पण पुस्तकच वाचता येत नसेल, तर त्या प्रवेशाचा उपयोग काय? शेजारच्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्याच मातीत आजही हा प्रश्न विचारावा लागतो!

‘पुस्तकाची ब्रेल, ध्वनिमुद्रित वा संगणकीय प्रत काढली तर प्रकाशक खटला भरील’, ही भीती आम्ही अनेकांकडून ऐकतो. ती निराधार आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ साली संसदेने त्याच्या कलम ५२ मध्ये दुरुस्ती केली. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशी प्रत तिच्या अभ्यासासाठी कोणीही काढून देऊ शकतो. प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अट एवढीच, की नफा घ्यायचा नाही. फक्त खर्च घ्यावा. काम संस्था करीत असेल, तर प्रत बाजारात जाणार नाही याची दक्षता तिने घ्यावी. अशा प्रतींसाठीच्या २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश आहे.

मग घोडे अडते कुठे? मराठीत ते फॉन्टवर अडते. आपली कित्येक पुस्तके युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. डोळ्यांना अक्षर सुबक दिसते. पण मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्यातून निरर्थक आवाज काढते. पानांचे नुसते फोटो असलेली पीडीएफ तर मुकीच!

अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चे कलम १७ सांगते, की ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठरा वर्षांपर्यंत पुस्तके व शैक्षणिक साहित्य मोफत द्यावे. ही जबाबदारी शासनाची व स्थानिक प्राधिकरणांची आहे. पालकांनी लेखी मागणी करावी व पोच घ्यावी.

आणि आपण? बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांचे कॉपीराइट २०१६ अखेर संपले. मराठी अनुवादांवर अनुवादकाचा हक्क असू शकतो. पण तेथेही वरील सवलत आहेच. तेव्हा चळवळीच्या प्रकाशकांनी युनिकोड फाईल अपंग विद्यार्थ्यांना द्याव्यात. विहारातील तरुणांनी रोज चार पाने वाचून ध्वनिमुद्रित करावीत. ‘शिका’ हा आदेश डोळस माणसांपुरता नव्हता. कायदा आपल्या बाजूने आहे, कामाला लागा!