गिटारचा सूर ठरतो शेवटच्या मिलिमीटरमध्ये

हाताने घडविलेल्या गिटारचा सांगाडा जोडून झाला, की पाहणाऱ्याला वाद्य तयार झाल्यासारखे वाटते. स्प्रूसची दर्शनी फळी, शिसवी पाठ, मान, पडदे सारे जागच्या जागी असते. प्रत्यक्षात त्या अवस्थेतील गिटार ही केवळ एक देखणी पेटी असते. तिचे वाद्य होते ते शेवटच्या टप्प्यांत, आणि तेथील हिशेब मिलिमीटरच्या अंशांचा असतो.

त्यातील पहिला टप्पा पॉलिशचा. मुंबई-पुण्यातील जुन्या घरांच्या फर्निचरवरील फ्रेंच पॉलिश अनेकांच्या परिचयाचे आहे. स्पॅनिश परंपरेतील शास्त्रीय गिटारवर आजही तेच केले जाते. स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचे पातळ थर कापडाच्या बोळ्याने एकावर एक चढविले जातात. पोलादी तारांच्या गिटारवर बहुधा लॅकर फवारले जाते. ते पुरते कडक होण्यासाठी कित्येकदा काही आठवडे थांबावे लागते. थर जाड झाला, तर फळीची कंपने दबतात. म्हणून चकाकी हवी, पण जाडी नको, असा हा प्रकार आहे.

त्यानंतर घोडी, अर्थात ब्रिज चिकटविला जातो. तेवढ्या जागेवरचे पॉलिश आधी खरवडून काढतात, कारण सरस लाकडाला लाकूड भिडले तरच पक्का धरतो. पोलादी तारांच्या गिटारमध्ये सहा तारांची एकत्रित ओढ सुमारे ७० किलोपर्यंत जाते. ती या जोडाला कायम सोसावी लागते.

घोडीची जागाही काटेकोर लागते. तार पडद्यावर दाबली, की ती किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो. याची भरपाई म्हणून घोडीवरील हाडाची पट्टी गणिती लांबीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मागे आणि थोडी तिरपी बसवितात. खर्जाच्या जाड तारेला त्यामुळे अधिक लांबी मिळते. ही जागा चुकली, तर मोकळ्या तारा सुरात लावूनही वरच्या पडद्यांवर गिटार बेसूर वाजते.

मग पाळी येते पडद्यांची. पडद्यांच्या माथ्यांवर शाई लावून त्यांवरून लांब, सपाट कानस फिरविली जाते. शाई जेथून निघते, तो भाग उंच. सर्व पडदे एका पातळीत आले, की प्रत्येकाचा माथा पुन्हा गोलसर केला जातो. एखादा पडदा केसभर उंच राहिला, तरी त्याला घासून तार झणझणते. तंबोऱ्याची जवारी लावणारे मिरजेचे कारागीर तार घोडीला अलगद स्पर्श करील अशी योजना मुद्दाम करतात. त्या झणत्कारातच तंबोऱ्याचे सौंदर्य आहे. गिटारमध्ये मात्र तारेचा असा स्पर्श दोष ठरतो.

शेवटी मानेच्या टोकावरील हाडाच्या पट्टीत तारांसाठी खाचा पाडल्या जातात. खाच उथळ राहिली, तर पहिल्या पडद्यांवर तार दाबताना बोटे दुखतात. ती खोल गेली, तर मोकळी तार झणझणते. पोलादी तारांच्या गिटारवर बाराव्या पडद्यापाशी तारांची उंची साधारणपणे दीड ते अडीच मिलिमीटर ठेवली जाते.

तारा चढल्या तरी काम संपत नाही. ताणाखाली फळी किंचित फुगते, मान थोडी वाकते. त्यामुळे काही दिवसांनी सारी मापे पुन्हा तपासावी लागतात. हवेतील आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास असलेली गिटारला मानवते. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगून तारा उंचावतात. अतिकोरड्या हवेत फळी तडकू शकते. अशा दिवसांत गिटार पेटीत बंद ठेवणे हितावह असते.

कारखान्यातील स्वस्त गिटारवर याच शेवटच्या टप्प्याला बहुधा कमी वेळ मिळतो. खरेदीच्या वेळी बाराव्या पडद्यावर तारेला नुसते बोट टेकवून छेडावे, मग ती तेथेच दाबून वाजवावी. दोन्ही स्वर एकच हवेत. त्यानंतर प्रत्येक पडदा वाजवून झणझण ऐकावी. बोटे दुखतात म्हणून गिटार सोडणाऱ्या नवशिक्याचा दोष पुष्कळदा बोटांत नसतो. तो तारांच्या उंचीत असतो. जाणकार दुरुस्तीकार तो सहसा दूर करू शकतो.