रथक्षोभ आणि कंपन-व्यायाम

बर्फावरील हॉकीसारख्या तोलाची कसोटी पाहणाऱ्या खेळांच्या सरावात कंपनफलकाचा उपयोग केला जातो. हेच उपकरण आता घरगुती वापरासाठीही मिळते आणि कटिशूलाचा रुग्ण ते घ्यावे काय, असे वैद्यास वा औषधविक्रेत्यास विचारतो. उत्तर देण्यापूर्वी त्यामागील तत्त्व जाणणे इष्ट ठरेल.

हा फलक साधारणतः सेकंदास २० ते ५० वेळा कंप पावतो. त्यामुळे स्नायूंतील ताण जाणणारी संवेदनाग्रे उद्दीपित होऊन स्नायू प्रतिक्षिप्तपणे आकुंचन पावतात. त्याची मात्रा काही मिनिटांचीच असते व मध्ये विश्रांती दिली जाते.

दुसरा मुद्दा हालचालीतील वैविध्याचा. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांचा अभ्यास केला. घाव नेमका बसे. हाताचा मार्ग मात्र दर वेळी किंचित बदले. हा बदल म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेण्याचे सामर्थ्य होय. तो फार घटल्यास हालचाल ताठर होते, फार वाढल्यास तोल ढळतो.

भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तननजीकच्या पाली येथील मच्छीमाराचे उदाहरण घेऊ. हलत्या, निसरड्या फळ्यांवर जाळे ओढताना त्याचे पाय क्षणोक्षणी नवा आधार शोधतात. तोलाचे शिक्षण त्यास समुद्रच देतो. परंतु इंजिनाची कंपने व लाटांचे धक्केही त्याच्या कण्यास तासन्‌तास सोसावे लागतात. अशा सर्वांग-कंपनास युरोपीय संघाने २००२ मध्ये आठ तासांच्या कामासाठी १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही मर्यादा घातली. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात (अध्याय १२) शोधनोत्तर वर्ज्य आठ भावांत रथक्षोभाचा समावेश असून संधिशैथिल्य हा त्याचा एक परिणाम सांगितला आहे. दिवसभर नौकेवर हादरे सोसणाऱ्या कटिशूलाच्या रुग्णास आणखी कंपन सुचविणे म्हणूनच अयोग्य होय.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत हा रुग्ण किनाऱ्यावर असतो आणि वर्षा ऋतू हा बस्तीचाच काळ. योगबस्ती आठ दिवसांची व परिहारकाल दुप्पट, म्हणजे सोळा दिवसांचा. त्यास १ ऑगस्टला समुद्रावर जावयाचे असल्यास चिकित्सा ८ जुलैपर्यंत सुरू व्हावी, अन्यथा परिहारकालातच रथक्षोभ घडेल.

औषधविक्रेत्यांनीही गर्भिणी, नुकताच अस्थिभंग झालेले, रक्तवाहिनीत गुठळी असलेले व पेसमेकर बसविलेले रुग्ण यांना हे उपकरण वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नये. इतरांच्या बाबतीतही, रुग्ण दिवसभर किती हादरे सोसतो, हा प्रश्न प्रथम विचारावा.