पोटात गोळा का येतो?

निकालाच्या दिवशी सकाळी आईने पुढ्यात ठेवलेले पोहे तसेच निवतात. तोंडाला कोरड पडते, घास गिळवत नाही. भीती तर मनात. मग पोटाने काम का थांबवावं?

या कोड्याचा धागा सापडला एका मांजरीच्या पोटात. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. लगेचच हार्वर्डमध्ये वैद्यक शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन यांनी मांजरीच्या अन्नात बिस्मथचा क्षार कालवला. क्ष-किरणांत अन्नाची काळी सावली दिसू लागली आणि जठराच्या लाटा तिला घुसळताना दिसल्या. मांजर बिथरली की लाटा थांबत. ती शांत झाली की घुसळण पुन्हा सुरू! मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण इथे भावनेचा परिणाम चक्क डोळ्यांनी दिसला.

घराला आग लागली तर चुलीवरच्या आमटीकडे कोण बघतं? सगळे पाण्याच्या बादल्या घेऊन धावतात. शरीराचंही तसंच. भीती वाटताच मेंदू मज्जातंतूंमार्फत इशारा देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात. हृदय जोरात धडधडतं, यकृत साखर मोकळी करतं, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. लढायची किंवा पळायची ही तयारी कॅनननी १९१५ च्या आपल्या ग्रंथात मांडली.

ॲड्रेनॅलिन रक्तातून ओसरायला थोडा वेळ लागतो. म्हणून तर निकाल चांगला लागल्यावरही पेढा धरलेला हात काही क्षण थरथरत असतो.