वापरातील माहितीसाठ्याची पुनर्रचना

संगणकाच्या आज्ञावलीला जी माहिती दीर्घकाळ जतन करावयाची असते, ती बहुधा कोष्टकांच्या रूपाने साठविलेली असते. मोठ्या संस्थांत हा माहितीसाठा मध्यवर्ती संगणकावर असतो आणि त्याची देखभाल तज्ज्ञ करतात. भ्रमणध्वनीवरील लहानशा आज्ञावलीचा साठा मात्र वापरणाऱ्याच्याच यंत्रात, एका फायलीत असतो. अशा साठ्यास अंगभूत माहितीसाठा म्हणता येईल. रिचर्ड हिप यांनी २००० साली सिद्ध केलेले एसक्यूलाइट हे या प्रकारचे सर्वपरिचित साधन होय.

समजा, एका ग्रंथालयाने सभासदांची नोंद अशा आज्ञावलीत ठेवली आहे. पहिल्या आवृत्तीत नाव व पत्ता एवढेच स्तंभ होते. दुसरीत दूरध्वनी क्रमांकाची भर पडली. तिसरीत पत्त्यातील सहा अंकी पिन क्रमांकासाठी स्वतंत्र स्तंभ करण्यात आला. नवी आज्ञावली यंत्रात आली, तरी जुन्या फायलीची रचना आपोआप बदलत नाही. पिन क्रमांकाचा स्तंभ सापडत नाही आणि काम अडते. जुनी कोष्टके पुसून कोरी कोष्टके मांडणे सर्वांत सोपे. परंतु त्या फायलीत ग्रंथालयाच्या नोंदींची कदाचित एकमेव प्रत असते. तेथे मदतीस तज्ज्ञही नसतो. म्हणून हे रूपांतर आज्ञावलीनेच, काहीही न गमावता, पार पाडले पाहिजे.

त्यासाठी प्रथम फायलीची रचना कोणत्या आवृत्तीची आहे, हे कळावयास हवे. एसक्यूलाइटच्या फायलीच्या प्रारंभी १०० बाइटांचे शीर्ष असते. त्यात आज्ञावलीकाराच्या आवृत्ती क्रमांकासाठी चार बाइटांची जागा राखलेली आहे. फाईल उघडताच आज्ञावली हा क्रमांक वाचते व पहिल्यापासून दुसऱ्या, दुसऱ्यापासून तिसऱ्या आवृत्तीकडे अशा टप्प्यांनी पुढे जाते. ज्याने दुसरी आवृत्ती कधी घेतलीच नाही, त्याची फाईलही याच मार्गाने जाते. एकदा वितरित झालेल्या टप्प्यात मागाहून फेरफार करू नये. तसे केल्यास एकच क्रमांक धारण करणाऱ्या दोन फायलींची रचना भिन्न होईल. क्रमांक आपल्या आवृत्तीहून मोठा आढळल्यास जुन्या आज्ञावलीने फायलीस हात लावू नये, हेच इष्ट.

नवा स्तंभ जोडणे सुलभ असते. त्यासाठी सामान्यतः जुन्या नोंदी पुन्हा लिहाव्या लागत नाहीत. स्तंभाचे नाव बदलण्याची सोय २०१८ मध्ये व स्तंभ वगळण्याची २०२१ मध्ये उपलब्ध झाली. स्तंभाचा प्रकार बदलण्यासारख्या कामासाठी मात्र नवे कोष्टक रचून त्यात नोंदी उतरवितात, जुने कोष्टक काढून टाकतात आणि नव्याला जुन्याचे नाव देतात.

येथे एक धोका संभवतो. ग्रंथ-वाटपाच्या नोंदी सभासदांच्या कोष्टकाशी जोडलेल्या असतील आणि सभासद वगळताच त्याच्या नोंदीही वगळाव्यात असा नियम असेल, तर जुने कोष्टक काढताना वाटपाच्या सर्व नोंदी नाहीशा होऊ शकतात. म्हणून परस्परसंबंधांचे नियम आधी तात्पुरते थांबवावे लागतात आणि शेवटी संबंध अबाधित असल्याची खात्री करून पुन्हा लागू करावे लागतात.

मध्येच वीज गेली तर? यावर उपाय म्हणजे सर्व बदल, नव्या आवृत्ती क्रमांकाच्या नोंदीसह, एकाच व्यवहारात करणे. असा व्यवहार एक तर पूर्ण होतो, नाही तर फाईल पूर्वस्थितीत राहते. संबंधांचे नियम मात्र व्यवहार सुरू होण्यापूर्वीच थांबवावे लागतात. व्यवहार चालू असता ती आज्ञा निष्फळ ठरते.

रूपांतराच्या क्षणी आज्ञावलीकार वापरणाऱ्याजवळ नसतो. म्हणून त्याने प्रत्येक जुन्या आवृत्तीची नमुना फाईल जपून ठेवावी आणि वितरणापूर्वी नवी आज्ञावली त्या प्रत्येकीवर पडताळून पाहावी.