साखरेची वार्ता सांगणारीं यंत्रें

मधुमेहाची ओळख आपल्या वैद्यांना फार प्राचीन काळापासून आहे. सुश्रुतानें प्रमेहाचे वीस प्रकार मोजले आणि सहज व अपथ्यजन्य असे रोगाचे दोन भेद केले. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांव घेतात, हें लक्षण चरकाच्याही नजरेंतून सुटलें नव्हतें. म्हणजे देहांतील साखरेची वार्ता बाहेर आणणारा पहिला दूत मुंगी होय! आज तीच वार्ता जालन्याच्या एखाद्या घरांत आजोबांच्या दंडाला चिकटविलेली चकती सांगते, आणि पुण्यास किंवा लंडनास असलेला मुलगा ती आपल्या मोबाइलवर वाचतो. हीं यंत्रें एकमेकांशीं बोलतात कशीं, आणि त्यांच्या बोलण्यावर कुटुंबानें विसंबावें किती, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे.

हा विषय थोड्या घरांपुरता आहे असें कोणीं समजूं नये. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेह्यांची संख्या १० कोटि १० लक्ष, आणि रोगाच्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांची १३ कोटि ६० लक्ष ठरली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत संशोधन चालविलें. त्यावरून असें दिसून आलें कीं आपल्याकडील मूल जन्मतः वजनानें हलकें असलें, तरी त्याच्या देहांत मेदाचा अंश प्रमाणानें अधिक असतो. तेव्हां ‘आमच्या घरांत कोणी स्थूल नाहीं’ हें समाधान फोल आहे.

१९२२ च्या जानेवारींत टोरोंटो येथें एका मुलास प्रथम इन्सुलिन टोंचण्यांत आलें आणि ह्या रोगाचें प्राणांतिक रूप पालटलें. परंतु तें किती द्यावें हें ठरविण्यास घरीं पुढें चाळीस वर्षें मूत्रपरीक्षेवांचून साधन नव्हतें. १९६५ मध्यें रक्ताच्या थेंबानें रंग बदलणारी पट्टी निघाली, १९७० मध्यें तो रंग वाचणारें यंत्र आलें. तें किलोहून अधिक वजनाचें असून दवाखान्यापुरतेंच होतें. घरोघरचें आजचें ग्लुकोमीटर हें त्याचेंच नातवंड.

दंडावरील चकती ही त्यापुढची पायरी. तिला सेन्सर म्हणतात. तिचा केसासारखा बारीक तंतु कातडीखालीं राहतो व त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नांवाच्या द्रव्याचा लेप असतो. पेशींमधील रसांतील साखर त्या द्रव्यास भेटली म्हणजे सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि प्रवाहाच्या मानानें साखरेचा आंकडा काढला जातो. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. हा रस म्हणजे रक्त नव्हे. रक्तांतील साखर उतरूं लागली तरी रसांत तो फेर दिसावयास पांच ते पंधरा मिनिटें लागतात. शिवाय त्या कुशीवर निजलें असतां चकती दाबली जाऊन साखर नसतां उतरलेली दिसते. म्हणून अंगाला घाम व कंप सुटला असेल आणि यंत्र ‘सर्व ठीक’ म्हणत असेल, तर बोटाला टोंचून रक्त तपासावें. रोग्याच्या सांगण्यापेक्षां यंत्राला मोठें मानण्याची जी नवी रीत पडूं लागली आहे ती आम्हांला मान्य नाहीं.

आपल्या देशांत २०२० सालीं अ‍ॅबट कंपनीची फ्रीस्टाइल लिब्रे ही चकती सामान्य रोग्यांस मिळूं लागली. ती चौदा दिवस चालते, मोबाइल जवळ नेला कीं आंकडा सांगते, आणि तिची स्मृति आठच तासांची असते. रात्रीं दहाला वाचली व एकदम सकाळीं आठाला वाचली, तर दहा ते बारा हे दोन तास कायमचे गेले. पुढील आवृत्तींत ब्लूटूथ आलें, आणि साखर फार उतरली वा चढली कीं चकती आपण होऊन हांक मारूं लागली.

हा निरोप दूरच्या मुलापर्यंत जातो कसा, तें पाहूं. चकती ब्लूटूथच्या लहरींनीं मोबाइलशीं बोलते. ह्या लहरींचा पल्ला सुमारें वीस फुटांचा, मध्यें भिंत आली तर त्याहून कमी. मोबाइलमधील आज्ञावली, म्हणजे अ‍ॅप, तो आंकडा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठविते. सर्व्हर तो मुलाच्या मोबाइलकडे धाडतो. ह्या सांखळींतील पहिली कडी इंटरनेटवांचून चालते, पुढच्या कड्या चालत नाहींत. शेतावर रेंज जाणें आपल्या जिल्ह्यांत कोणास नवें नाहीं, आणि वीज गेली कीं वायफायही जातें. अशा वेळीं पुण्याच्या मुलाला कांहींच कळत नाहीं, परंतु उशाशीं ठेवलेला मोबाइल बरोबर ओरडतो. म्हणून रात्रीची हांक ऐकणारें माणूस घरांतलेंच असावें, आणि मोबाइल चार्जिंगसाठीं पलीकडच्या खोलींत न ठेवतां रोग्याच्या खोलींतच ठेवावा.

सर्व्हरही निजतो! २०१९ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस अमेरिकेंतील डेक्सकॉम कंपनीची आंकडे दुसऱ्यांस दाखविणारी व्यवस्था बंद पडली. मुलांच्या साखरेवर मोबाइलवरून नजर ठेवणारे आईबाप निश्चिंत निजले होते. इशारा आला नाहीं म्हणजे सर्व क्षेम आहे, अशी त्यांची समजूत. २०२४ मध्यें टँडेम कंपनीच्या इन्सुलिन-पंपाच्या अ‍ॅपमध्यें दोष निघाला. तें पुनःपुन्हां बंद पडून सुरू होई, त्यांत पंपाचीच विजेरी संपे आणि इन्सुलिन थांबे. मग २०२५ च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या औषध प्रशासनानें सर्वच मधुमेही मोबाइलधारकांस सावध केलें. मोबाइलची प्रणाली अद्ययावत् केली, शांततेचें बटण दाबून ठेवलें, कानांतलीं बिनतारी यंत्रें जोडलीं, कीं धोक्याचा इशारा कधीं कधीं ऐकूं येत नाहीं, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. आपल्या घरांतील बाळगोपाळ आजोबांचा मोबाइल खेळावयास घेतात आणि आवाज बंद करून परत ठेवतात, हेंही त्यांतच जमेस धरावें.

दोषच सांगत बसणें बरोबर नव्हे, कारण ह्या जोडणीचा उगमच मुळीं आईबापांच्या काळजींतून झाला आहे. न्यूयॉर्क संस्थानांत जॉन कॉस्टिक नांवाचा संगणकज्ञ राहतो. २०१२ सालीं त्याच्या चार वर्षांच्या मुलास बालमधुमेह झाला. चकतीचा आंकडा तिच्यासोबतच्या लहान यंत्रावर दिसे, परंतु बाप कचेरींत आणि मूल शाळेंत. कंपनीनें तो आंकडा दूर नेण्याची सोय केलेली नव्हती. त्यानें २०१३ मध्यें स्वतः आज्ञावली लिहून ती केली आणि लोकांस फुकट देऊन टाकली. तिचें पुढें ‘नाइटस्काउट’ हें नांव झालें. त्याच सुमारास सिएटल येथील डेना लुईस ह्या तरुणीची अडचण निराळी होती. तिची झोंप गाढ, आणि साखर उतरल्याची घंटा तिला जागें करण्यास पुरत नसे. घंटा मोठी करतां करतां तिनें व स्कॉट लाइब्रँडनें साखरेचा पुढील कल वर्तविणारी आज्ञावली तयार केली, मग तीच पंपाला जोडली. पंप आपण होऊन इन्सुलिन कमीअधिक करूं लागला. २०१५ सालीं त्यांनीं ही विद्या ‘ओपन एपीएस’ ह्या नांवानें सर्वांस खुली केली. कंपनीचा त्याच जातीचा पहिला पंप अमेरिकेंत संमत झाला तो २०१६ च्या सप्टेंबरांत. विद्येच्या बाबतींत दान करणारा पुढें गेला आणि कुलूप लावणारा मागें राहिला, हें येथें तारखांवरूनच दिसतें. मात्र अशी घरगुती जोडणी अनुभवी डॉक्टरांवांचून करूं नये. इन्सुलिन हें प्राण घेण्यासही समर्थ असें औषध आहे.

आपल्याकडे स्थिति काय आहे? चौदा दिवसांच्या एका चकतीस कांहीं हजार रुपये पडतात. परतूर किंवा मंठ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यास हें परवडण्यासारखें नाहीं. बालमधुमेहाच्या मुलांसाठीं छत्रपति संभाजीनगर येथें डॉ. अर्चना सारडा ह्यांनीं ‘उडान’ संस्था उभी केली, आणि मराठवाड्यांतील अनेक कुटुंबांस तिचा आधार झाला. गांवपातळीवर आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक तक्ता भरतात. वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, शरीरश्रम आणि घराण्यांतील रोग ह्यांचे गुण मांडतात, आणि बेरीज चाराहून अधिक झाली कीं त्या माणसास तपासणीसाठीं आधीं बोलावतात. ही माहिती पुढें संगणकावर चढते. दंडावरच्या चकतीचें कौतुक करणाऱ्या घरांनीं आशाताई दाराशीं आल्या असतां ‘आमच्याकडे कोणी आजारी नाहीं’ म्हणून त्यांना परत पाठवूं नये.

आतां ज्या गोष्टीवरून घरांत खरा कलह होतो तिच्याकडे वळतों. लिब्रेचे आंकडे एका वेळीं वीस माणसांस दाखवितां येतात. वीस! संक्रांतीला आजोबांनीं तिळगूळ तोंडांत टाकला कीं अर्ध्या तासांत रेषा वर चढते आणि पुण्याहून फोन येतो, “बाबा, काय खाल्लंत?” पाठोपाठ लेकीचा, मग सुनेचा. पाऊणशें वर्षें ज्यानें घर चालविलें त्याला आपल्या पानांतील पोळीचा हिशेब तिघांस द्यावा लागतो. मुलांची काळजी खरी आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु अशा जाचानें माणूस चकतीच काढून ठेवतो, किंवा मोबाइल मुद्दाम दूर ठेवतो, आणि नेमकी साखर उतरावयाची त्या रात्रीं घर आंधळें राहतें. वृद्धांच्या बाबतींत भय चढण्यापेक्षां उतरण्याचें अधिक. तें इन्सुलिनानेंच नव्हे, तर ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनींही येतें. म्हणून आंकडा कोणी पाहावा हें रोग्यानें ठरवावें, दूरच्या मुलांनीं फक्त साखर उतरल्याचा इशारा घ्यावा, आणि चढल्याचा विचार महिन्याच्या आलेखावरून डॉक्टरांसमोर व्हावा, असें आमचें मत आहे. आईबापांनीं तरुण मुलामुलींच्या बाबतींतही हाच विवेक ठेवावा. विवाहाच्या बोलण्यांत असे आंकडे पसरण्याचें भय मुलीच्या मनांत किती असतें, तें तिलाच विचारावें. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेनें २०२३ सालीं केला खरा, परंतु नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेलें चित्र तो परत आणून देत नाहीं.

साखर ७० च्या खालीं गेली व माणूस शुद्धीवर असला, तर तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी आणि पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें. आमच्या जालन्याच्या मोसंबीचा रसही चालतो, पण ती सोलून पिळीपर्यंत वेळ जातो. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहीं न घालतां डॉक्टरांकडे न्यावें.

उरल्या दोन किरकोळ गोष्टी. इंग्लंडांत साखर निराळ्या मापानें मोजतात. तेथील ५.५ म्हणजे आपले ९९. तिकडील आंकड्यास अठरांनीं गुणिलें कीं आपला आंकडा येतो. लंडनच्या नातवानें ‘आजोबांची साखर सात’ म्हटलें तर घाबरूं नये, ती १२६ आहे. दुसरें असें कीं विजेरी बदलली म्हणजे कित्येक ग्लुकोमीटरांचें घड्याळ मागें जातें, आणि रात्रीची नोंद दुपारची होऊन बसते. यंत्रांतील नोंदी मोबाइलवर उतरवून डॉक्टरांकडे न्यावयाच्या असतील, तर आधीं तें घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशीं लावून पाहावें.