कंसातील वजाबाकी आलेखाला उजवीकडे का नेते?

अकरावीच्या गणितात फलांचा, म्हणजे काही पुस्तकांच्या भाषेत फलनांचा, पाठ सुरू झाला की अनेक विद्यार्थ्यांना एका ठिकाणी हमखास ठेच लागते. फ(क्ष) या फलाचा आलेख समोर काढलेला असतो आणि फ(क्ष − ३) चा आलेख काढायचा असतो. वजाबाकी दिसते आहे, तेव्हा आलेख तीन घरे डावीकडे सरकणार, असे मन सांगते. उत्तर मात्र उजवीकडे निघते. मग ‘कंसाच्या आत सगळे उलटे’ असा नियम पाठ करून घेतला जातो आणि परीक्षेच्या घाईत त्या उलट्याचे पुन्हा उलटे होऊन गुण जातात. वास्तविक येथे उलटे असे काहीच घडत नाही.

मुळात फ(क्ष) म्हणजे ‘फ गुणिले क्ष’ नव्हे. फ हे एका नियमाचे नाव आहे आणि कंस हे त्या नियमाचे दार आहे. दारातून एक संख्या आत जाते आणि नियमानुसार एक संख्या बाहेर येते. कंस म्हणजे गुणाकार, हा बीजगणिताने आधीच लावलेला संस्कार इतका खोल असतो की फ(क्ष + २) ची फोड फ(क्ष) + फ(२) अशी करण्याचा मोह चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांनाही आवरत नाही. या दोषाचे खापर केवळ विद्यार्थ्यांवर फोडणे योग्य नाही. एकाच चिन्हावर दोन कामे सोपवलेली आहेत, हे त्यांना कुणी स्पष्टपणे सांगितलेलेच नसते.

आता कोकणच्या किनाऱ्यावर जाऊ. भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा तेथील दर्यावर्दी मंडळींना तोंडपाठ असतो : तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. याचा अर्थ अमावास्येला किंवा पौर्णिमेला बाराच्या सुमारास येणारी भरती पुढे प्रत्येक तिथीला पाऊण तास उशिरा येते. (हिशेब नेटका हवा असेल तर तिथीमागे ४८ मिनिटे, म्हणजे बरोबर दोन घटका धराव्यात. पंधरा तिथींत बारा तास पूर्ण होतात आणि भरती पुन्हा बारावर येते. पाऊणपट ही तोंडी हिशेबासाठी केलेली सोय आहे.)

अमावास्येच्या दिवशी क्ष वाजता समुद्राच्या पाण्याची जी उंची, तिला फ(क्ष) म्हणू. सोयीचे आकडे घेऊ : फ(१२) = ४.५ मीटर, ही भरती; फ(६) = ०.५ मीटर, ही ओहोटी. अष्टमीला सारे चक्र सहा तास उशिरा चालते. मग त्या दिवशी दुपारी बारा वाजता पाणी किती असेल? अमावास्येला त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी सहाला होते तितके. म्हणून अष्टमीचे फल फ(क्ष − ६) असे लिहिले जाते. ही वजाबाकी आलेखाला ढकलत नाही. आजचे पाणी जाणून घेण्यासाठी मूळ तक्त्यात किती मागे जाऊन पाहायचे, एवढेच ती सांगते. घटना उशिरा घडते आहे, तेव्हा घड्याळाच्या अक्षावर तिची जागा पुढे, म्हणजे उजवीकडेच असणार. ‘उशीर’ हा एक शब्द ध्यानात ठेवला की पाठांतराची गरज उरत नाही.

कंसाबाहेर केलेले बदल तुलनेने सरळ आहेत. ते वेळेला हात लावत नाहीत, पाण्याच्या उंचीला लावतात. उंची मोजण्याचा शून्यबिंदू एक मीटर खाली नेला की प्रत्येक नोंद एकाने वाढते; फ(क्ष) + १ चा आलेख जसाच्या तसा वर उचलला जातो. गुणाकारात मात्र थोडी सावधगिरी हवी. अष्टमीच्या सुमारास उधाण ओसरून भांगाची भरती येते आणि पाण्याची चढउतार कमी होते. पण म्हणून सरसकट ०.४ × फ(क्ष) लिहिले, तर ओहोटीची ०.५ मीटर उंची आणखी घटून ०.२ होईल. प्रत्यक्षात भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही पाणी फारसे उतरत नाही. आक्रसते ते मधल्या पातळीपासूनचे अंतर. ती पातळी २.५ मीटर धरून २.५ + ०.४ × (फ(क्ष) − २.५) असे लिहिले की भरती ३.३ आणि ओहोटी १.७ मीटर येते. उशीरही जमेस धरायचा तर यातच क्ष च्या जागी क्ष − ६ लिहावे.

वेळ आणि उंची या दोन्ही गोष्टी एकत्र पाहणे किती महत्त्वाचे, हे मुंबईने २६ जुलै २००५ रोजी अनुभवले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी ४.४८ मीटर उंचीची भरती होती. पाणी वाहून जायचे त्या वाटेवर समुद्रच उभा होता. तोच पाऊस ओहोटीच्या तासांत पडता, तर निदान निचऱ्याला काही उतार मिळाला असता.

राहता राहिला कंसाच्या आतील गुणाकार. फ(२क्ष) मध्ये आलेख आडवा आकसून निम्मा होतो, कारण आत जाणारी संख्या दुप्पट वेगाने धावते. आणि फ(२क्ष − ६) मध्ये आलेख सहा नव्हे, तीन घरे सरकतो. कारण २क्ष − ६ म्हणजे २(क्ष − ३). ही अडचण या चिन्हाइतकीच जुनी आहे. ऑयलरने १७३४ च्या सुमारास हे चिन्ह प्रथम वापरले तेव्हा त्याच्या कंसात नुसता क्ष नव्हताच. क्ष ला एका स्थिरांकाने भागून त्यात दुसरा स्थिरांक मिळवलेली राशी होती. पहिला स्थिरांक अ आणि दुसरा क मानला, तर तेथेही आलेख आधी अ पट ताणला जातो आणि मग डावीकडे सरकतो तो क ने नव्हे, अ × क ने.